डावं बटण

नोंदणीचा कागद घरोघर आला तेव्हा मिस्त्री गॅलरीत बसून सायकलची चेन रॉकेलने धूत होते. भांड्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटरकी करून ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. गुडघे कुरकुरत होते, कान मात्र अजून तिखट होते. कागदावर लिहिलं होतं की सोळा ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाने आपला व्यवसाय नोंदवावा, न नोंदवणाऱ्यावर कारवाई होईल. मिस्त्री एकसष्ट वर्षांचे होते. त्यांनी हात पुसले आणि सुनेला हाक मारली.

"सूनबाई, आपल्या दोघांना बोलावणं आलंय."

तिसऱ्याला चार महिन्यांपूर्वीच आलं होतं. मिस्त्रींचा मुलगा घरोघर विजेचे मीटर तपासत हिंडायचा. युद्धासाठी पहिल्याच तुकडीत त्याला उचललं आणि तारायंत्राच्या पथकात घातलं. तेव्हापासून घरात सासरा आणि सून, दोघंच.

नोंदणी शाळेच्या हॉलमध्ये होती. शाळा आता फक्त सकाळची भरायची, दुपारी तिथे सरकार बसायचं. रांग जिन्यापर्यंत गेली होती. रांगेत छत्र्यांच्या कारखान्यातला कारागीर होता, त्यांच्याकडे म्हणे पॅराशूटचं काम आलं होतं. खेळणी करणारा होता, तो आता काडतुसं भरणार होता. गालिचे विणणाऱ्या दोघी बहिणी होत्या, त्यांना घोंगड्यांवर घेतलं होतं. उद्यानाचं लोखंडी कुंपण तर महिन्याभरापूर्वीच कापून नेलं होतं, आणि फुलांच्या ताटव्यात कुत्री खुशाल लोळत होती.

"व्यवसाय?" कारकुनाने विचारलं.

"फिटर. पण आता निवृत्त."

"निवृत्त असा रकाना नाही," असं म्हणून कारकुनाने 'फिटर'वर शिक्का मारला. मिस्त्रींची तीन वर्षांची विश्रांती तिथेच संपली.

मागून सूनबाई पुढे झाली. तिने सांगितलं, घर सांभाळते. कारकुनाने काहीतरी लिहिलं. सूनबाईला उलटं वाचता यायचं, कारण तिच्याकडे शिकवणीला येणारी पोरं टेबलाच्या पलीकडे बसत.

"दादा, हे 'रिकामी' काय लिहिलंत?"

"म्हणजे उपलब्ध. सरकारी शब्द आहे तो."

"असू दे सरकारी. मी पहाटे पाचला उठते. पाणी भरते, स्वयंपाक करते, सासऱ्यांचे गुडघे शेकते, दोन घरची पाच पोरं शिकवते. यात रिकामा वेळ कुठे दिसला तेवढं दाखवा. मलाही हवाच आहे."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं, शब्द खोडला आणि त्यावर 'गृहकाम' लिहिलं. म्हणाला, "पण कारखान्यात जावं लागेलच."

"जाईन की. नाही कोण म्हणतंय?"

दोघांनाही एकच कारखाना मिळाला. मिस्त्रींचा जुनाच.

पण तो जुना राहिला नव्हता. आत पाऊल टाकताच मिस्त्रींना परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. पातेल्यांचे आणि डब्यांचे डाय, म्हणजे साचे, भिंतीशी रचून वर ताडपत्री टाकली होती. प्रेस त्याच होत्या, अकराच्या अकरा, मिस्त्रींनी स्वतः पायात बोल्ट आवळून बसवलेल्या. मात्र त्यांच्या पोटात आता नवे डाय होते. पोलादी पत्र्याची गोल चकती खाली ठेवायची, वरून पंच यायचा, आणि खालून हेल्मेट निघायचं.

"म्हणजे पातेलंच," सूनबाई पहिल्या दिवशी म्हणाली. "फक्त पालथं."

"पातेलं करपलं तर घासता येतं," मिस्त्री म्हणाले. "हे नीटच झालं पाहिजे."

प्रेसखात्यात आता सगळ्या बायका होत्या. पुरुष एकतर आघाडीवर गेले होते, नाहीतर म्हातारे होते. मिस्त्रींनी पहिले पंधरा दिवस या बायकांना शिकवण्यात घालवले. प्रत्येक प्रेसला दोन हिरवी बटणं होती, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, मध्ये दोन हातांचं अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच पंच खाली यायचा. एक दाबून काही होत नसे.

"दोन कशाला?" चार नंबरच्या प्रेसवरच्या बाईने विचारलं. ती शिंपीण होती. तिचं शिलाईचं दुकान होतं, पण कापडच मिळेना झालं तेव्हा तिने शटर ओढून घेतलं आणि ती इकडे आली. हात इतके चलाख की मिस्त्री थांबून बघत राहत.

"दोन्ही हात बटणावर असले की एकही हात पंचाखाली नसतो," मिस्त्रींनी सांगितलं. "साठ टनांचा दाब आहे. त्याला पत्रा आणि बोट यातला फरक कळत नाही."

शिंपिणीने मान हलवली. "म्हणजे मशीनच आपल्याला हात बाजूला घ्यायला लावतं."

"बरोबर."

प्रवेशद्वाराशी एक मोठा फळा लावला होता. त्यावर रोज खडूने आकडा लिहिला जाई. फळ्याच्या वर रंगवलं होतं: 'तुमचं प्रत्येक मिनिट, त्यांचा प्रत्येक श्वास.' बाराशेचं लक्ष्य होतं, आणि महिन्याभरात बायका साडेबाराशेवर गेल्या. त्या दिवशी सगळ्यांना एकेक साबणाची वडी वाटली. सूनबाईने ती नवऱ्याला पाठवायच्या पार्सलात घातली.

मग पुरवठा खात्याचं पत्र आलं. लक्ष्य: दोन हजार.

मॅनेजरसाहेब स्वतः मिस्त्रींच्या बाकाशी आले. हेच साहेब बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले होते. कानस कशी धरायची इथपासून मिस्त्रींनी त्यांना शिकवलं होतं. आता चारचौघांत मिस्त्री त्यांना 'साहेब' म्हणायचे, आणि एकटे असले की जुन्या सवयीने 'अरे-तुरे' निघून जायचं.

"मिस्त्री, एक करायचंय. डाव्या बटणावर तार बांधून ते कायम दाबलेलं ठेवायचं."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"ऐकून तर घ्या. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने चकती. पंच वर जातोय तोवर पुढची चकती आत. हिशेब केलाय मी, दोन हजार आरामात निघतील."

"आणि हात आत असताना उजवं बटण दाबलं गेलं तर?"

"बायका काय आंधळ्या आहेत? आठ दिवसांपुरतं, मिस्त्री. फक्त आठ दिवस. दुसऱ्या कारखान्यात नव्या प्रेस बसतायत, तोवर." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमचा मुलगा तिकडे आहे. त्याच्या तुकडीतल्या निम्म्या पोरांना अजून हेल्मेट मिळालेलं नाही, ठाऊक आहे तुम्हाला?"

मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. साहेबांनाही असेल की नाही कोण जाणे. पण वाक्य बरोबर जागी बसलं. रात्रभर डोळ्यांसमोर मुलाचं उघडं डोकं येत राहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं असताना मिस्त्रींनी तारेचं भेंडोळं घेतलं आणि अकरा प्रेसची अकरा डावी बटणं आत दाबून बांधून टाकली. तार पक्की पिळली. वाईट काम करायचं म्हणून ते वाईट करणं त्यांच्या हातांना जमेना.

सात नंबरवर पोहोचले तेव्हा सूनबाई डबा धुऊन परत आली होती.

"बाबा, काय बांधताय?"

"वरून हुकूम आहे. आठ दिवसांपुरतं."

ती सात नंबरवरच काम करायची. तिने तारेकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मिस्त्रींना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

फळ्यावरचा आकडा चढत गेला. सोळाशे. अठराशे. एकोणीसशे चाळीस. मिस्त्री दिवसभर प्रेसांमधून येरझाऱ्या घालत आणि हात सांभाळा, हात सांभाळा म्हणत राहत. बायका हो म्हणत. पण दहाव्या तासाला हो म्हणणारं डोकं वेगळं आणि हलणारा हात वेगळा. घाईत चकत्या वाकड्या बसत होत्या, तेलाचा फडका फिरवायला सवड मिळत नव्हती. तयार मालाच्या ढिगाशेजारून जाताना मिस्त्री सवयीने एखाद्या हेल्मेटवर नखाने टिचकी मारत आणि आवाज ऐकून कपाळाला आठी घालत.

आठ दिवस झाले. तारा तशाच राहिल्या. नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला चार नंबरवरून आवाज आला. किंचाळी नव्हती ती. शिंपीण फक्त "अगं," एवढंच म्हणाली, कुणाला तरी हाक मारल्यासारखं.

वाकडी बसलेली चकती सरळ करायला तिचा डावा हात आत गेला होता. तीन बोटं गेली.

मिस्त्री धावले, त्यांनीच मेन स्विच पाडला, त्यांनीच स्वतःचा शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला. गाडी येऊन तिला घेऊन गेली. चाळीस मिनिटांत प्रेस धुतली, पुसली, आणि तिच्या जागी पॅकिंगमधली एक मुलगी उभी केली. तार जिथल्या तिथे होती.

शिफ्ट सुटायच्या आधी साहेबांनी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अपघाताची वही उघडी होती. नोंद लिहून तयार होती: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे डाव्या हातास इजा. यंत्र सुस्थितीत.' खाली तांत्रिक साक्षीदार म्हणून सहीची जागा कोरी होती.

"इथे सही करा."

"चष्मा घरी राहिलाय," मिस्त्री म्हणाले. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

साहेबांनी चष्म्याकडे पाहिलं. "उद्या आणा मग," ते म्हणाले.

दोघं घरी आले. सूनबाईने पाणी तापवून दिलं. मिस्त्रींनी हात धुतले, परत धुतले, मग पाटावर बसून राहिले.

"ती तार मी बांधली," ते म्हणाले.

"मी बघितलं की."

"हुकूम होता म्हणून."

"तेही मी ऐकलं." तिने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. "आम्हीही नऊ दिवस बांधलेल्या बटणावर काम केलंच ना, बाबा. आकडा चढला की आम्हालाच चेव यायचा. सात नंबर पुढे की पाच नंबर पुढे. कुणी हात धरून आम्हाला लावलं नाही. आता रडत बसून तिची बोटं येणार आहेत का? तुम्ही बांधलीय, तुम्हीच सोडा. पुढचं आम्ही बघतो."

"काम बंद केलंत तर युद्धाच्या कायद्याखाली आत टाकतील सगळ्यांना."

"बंद कोण करतंय?" सूनबाई म्हणाली, आणि नोंदणीच्या कारकुनासमोर उभी होती तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काम तर करणारच. पण दोन हातांनी."

सकाळच्या भोंग्याला अर्धा तास असताना मिस्त्री आत गेले. खिशात पक्कड होती. एक नंबरपासून सुरुवात केली. कट्. तार तुटली की बटण आतून बाहेर उडी मारायचं आणि मिस्त्री पुढच्या प्रेसकडे वळायचे. अकरावी तार कापून झाली तेव्हा त्यांनी सगळे तुकडे गोळा केले आणि स्वतःच्या बाकाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. पुरावा म्हणून. मग केबिनमध्ये जाऊन अपघाताची वही उघडली. शिपायाने विचारलं काय करताय, तर म्हणाले, सही करायला बोलावलंय.

सही केली, पण आधी वर चार ओळी लिहिल्या. 'डावं बटण तारेने बांधलेलं होतं. तार मी बांधली. साहेबांच्या सांगण्यावरून. कामगाराची चूक नाही.' मग तारीख घातली.

भोंगा झाला. बायका आल्या आणि आपापल्या प्रेससमोर उभ्या राहिल्या. वाटेत येताना सूनबाई एकेकीशी बोलली होती. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त पॅकिंगमधून आणलेल्या मुलीने विचारलं होतं, माझं काय करतील? सूनबाई म्हणाली होती, माहीत नाही गं. खोटं कशाला सांगू?

साहेब आले ते फळ्याकडे बघतच. मग प्रेसांचा आवाज त्यांच्या कानात शिरला. हळू होता. एकसारखा होता. ते चालत एक नंबरशी गेले आणि त्यांना सुटं डावं बटण दिसलं.

"तारा कुणी काढल्या?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"परत बांधा."

"नाही."

खात्यात तेवढा एक शब्द सगळ्यांना ऐकू गेला. साहेबांनी विजेच्या कामाच्या दोघा म्हाताऱ्यांना बोलावलं. एक म्हणाला कंबर धरलीय. दुसऱ्याने काही सबबसुद्धा सांगितली नाही, नुसताच उभा राहिला. शेवटी साहेबांनी स्वतः तारेचं भेंडोळं उचललं आणि सात नंबरपाशी गेले. कुणाची प्रेस आहे हे त्यांना ठाऊक होतं.

सूनबाईने डाव्या बटणावर तळहात पालथा ठेवला. "बांधा, साहेब."

"हात काढ."

"काम चालू आहे माझं. हात इथेच असतो कामात. बांधायचंच असेल तर हातासकट बांधा."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. अकरा प्रेसवर अकरा डावे हात बटणावर होते. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. सूनबाईने उजवा हात दुसऱ्या बटणावर ठेवला, दोन्ही बटणं दाबली, पंच खाली आला, हेल्मेट बाहेर पडलं. मग शेजारणीने दाबली. साहेब तार हातात घेऊन त्या मधल्या वाटेत उभे होते, आणि तार धरून उभ्या असलेल्या माणसाने पुढे काय करायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही देशाचं नुकसान करताय," ते हळूच म्हणाले. "मुलगा तिकडे असताना."

"मुलगा तिकडे आहे म्हणूनच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "तुझा आकडा मला नको. तू शिकाऊ होतास तेव्हा पहिल्याच दिवशी तुला काय सांगितलं होतं? माल ऐकायचा. गेल्या नऊ दिवसांत ऐकलास एकदा तरी?"

दुपारी पुरवठा खात्याचे कर्नल आले. साहेबांनी फोन केला होता. कर्नल पन्नाशीचे, अंगाने सुके, झोप न मिळालेल्या डोळ्यांचे होते. त्यांनी बायकांना ओळीत उभं करायला सांगितलं नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, काम कोणी थांबवलं?

"कोणीच नाही," सूनबाई म्हणाली. "सकाळपासून सहाशे दहा झाली. मोजून घ्या."

"सकाळपासून हजार व्हायला हवी होती."

"साहेब, माझ्याबरोबर दोन मिनिटं येता का?" मिस्त्रींनी कर्नलना विचारलं.

ते त्यांना मालाच्या फलाटाकडे घेऊन गेले. तिथे रंग देऊन, खोक्यात भरून, पट्ट्या मारलेला माल रवाना होण्याच्या तयारीत होता. मिस्त्रींनी एक खोकं फोडलं. त्यातलं एक हेल्मेट उचललं, एका बोटावर तोललं आणि पान्याने हलकेच ठोकलं. टणकन् आवाज आला आणि बराच वेळ रेंगाळला. "हे चांगलं." दुसरं उचललं. तेही चांगलं. तिसऱ्यावर पाना पडला तर नुसतं थड झालं, ओल्या लाकडासारखं.

"रंगाखाली बारीक चीर आहे," मिस्त्री म्हणाले. "चकती वाकडी बसली की एका बाजूला पत्रा ताणून पातळ होतो. डोळ्याला दिसत नाही. भांड्याला असं झालं तर आमटी गळते. इथे काय गळेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

कर्नलनी पाना स्वतःच्या हातात घेतला. त्या खोक्यातल्या वीस हेल्मेटांवर एकेक करून पाना मारला. वीसपैकी सहा थड वाजली. त्यांनी दुसरं खोकं फोडायला लावलं. त्यात पाच. तिसरं फोडलं नाही.

त्यांनी पाना मिस्त्रींना परत दिला. मग म्हणाले, "हा माल रोखा." आणि त्याच आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. लेखी हुकूम मोडलाय तुम्ही. मला दुसरा इलाज नाही."

"माझ्याकडे लेखी हुकूम नव्हता. तोंडी होता."

"मग तोंडी मोडलाय," कर्नल म्हणाले. त्यांनी मिस्त्रींच्या दंडाला हात लावला नाही. गाडीचं दार मात्र स्वतः उघडून धरलं.

उत्पादनात अडथळा आणल्याबद्दल मिस्त्रींना सव्वीस दिवस एका जुन्या गोदामात ठेवलं. सोबत साखर दडवणारे दोन व्यापारी आणि भिंतीवरच्या सरकारी घोषणेला मिशा काढणारा एक रंगारी होता. रंगाऱ्याशी त्यांचं चांगलं जमलं. सुटताना एका कागदावर सही घेतली: कारखान्याच्या कामकाजाबद्दल कुठेही अवाक्षर काढणार नाही, काढल्यास पुन्हा अटक. कारखान्याने त्यांना परत घेतलं नाही.

पण तारा परत बांधल्या गेल्या नाहीत. सूनबाईने सांगितलं, मंत्रालयाचं छापील पत्रक आलंय, दोन्ही बटणं वापरणं सक्तीचं, जणू ही कल्पना त्यांनाच आंघोळ करताना सुचली. रोजचा आकडा चौदाशेच्या वर जात नव्हता. खराब म्हणून परत येणारा मालही जवळजवळ थांबला होता. साहेबांची बदली झाली. वर की खाली, ते कुणालाच कळलं नाही.

सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री शिंपिणीच्या घरी गेले. दुकानाच्या मागेच तिची खोली होती. ती खिडकीशी बसून उजव्या हाताने शेंगा सोलत होती आणि डावा हात मांडीवर फडक्यात गुंडाळलेला होता. मिस्त्री दारातच उभे राहिले.

"तार मी बांधली होती," ते म्हणाले. "तुमची माफी मागायला आलोय."

"उशीर केलात."

"आत होतो."

"ठाऊक आहे." तिने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "माफीचं मी काय करू, मिस्त्री? सुईत ओवता येते का ती?"

ती त्यांना बसा म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही.

"तुम्ही वहीत लिहिलं होतं म्हणे," मग ती म्हणाली. "ते पान आता नाही. नवीन पान चिकटवलंय. माझा निष्काळजीपणा, तीन ठिकाणी लिहिलंय. म्हणून अपंगांच्या यादीत माझं नाव घेत नाहीत. निष्काळजी बाई म्हणून आयुष्यभर राहायचं मी. ज्या हातांनी लग्नाचे कोट शिवले, ते हात निष्काळजी." तिने मांडीवरचं फडकं नीट केलं. "बुधवारी त्या यादीच्या मंडळापुढे सुनावणी आहे. बायका येतो म्हणतायत, पण त्यांना यंत्रातलं जाणणारा माणूस हवाय. याल?"

"येईन."

"तुमच्याकडून सही घेतलीय ना, बोलणार नाही म्हणून?"

"घेतलीय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

घरी सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. "बोललात तर परत नेतील."

"नेतील."

"गोदामात गारठा असतो म्हणालात. लोकरीचे मोजे दोन जोड भरते मग," ती म्हणाली आणि कपाट उघडायला गेली.

सुनावणीची खोली लहान होती. तीन सभासद, एक लेखनिक, आणि भिंतीशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या प्रेसखात्यातल्या बायका. रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या सगळ्या. शिंपिणीने खुर्चीवर बसल्यावर डाव्या हाताचं फडकं सोडलं आणि तो हात तसाच टेबलावर ठेवला, सभासदांच्या कागदांशेजारी. तो हात शेवटपर्यंत तिथेच राहिला.

अध्यक्षांनी मिस्त्रींसमोर त्यांच्या सहीचा कागद धरला. "हे माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"तरी बोलणार?"

"बोलायलाच आलोय."

"डावं बटण बांधलेलं होतं?"

"होतं. नऊ दिवस."

"कुणी बांधलं?"

"मी. या हातांनी. तुकडे माझ्या बाकाच्या खणात होते, ते आता नसतील. पण बटणाच्या कडेला तार घासून चरे पडलेत, अकराही बटणांवर. माणूस पाठवून बघून घ्या."

"का बांधलंत?"

"सांगितलं म्हणून."

"आणि काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मिस्त्री म्हणाले. "ते आधीच करायला हवं होतं."

माणूस पाठवला गेला. चरे सापडले. चिकटवलेलं पान नऊ दिवसांनी रद्द झालं आणि शिंपिणीचं नाव यादीत चढलं, कारणाच्या रकान्यात 'यंत्रातील फेरफार' असं लिहून. मिस्त्रींना मात्र पोलिसांनी त्याच दिवशी सुनावणीच्या खोलीतूनच नेलं. या वेळी दोन महिने.

बायका त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत आल्या. शिंपीण सगळ्यांत पुढे होती. पोलिसाने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही. गाडीच्या खिडकीशी येऊन तिने मिस्त्रींच्या हातात मोज्यांचं पुडकं दिलं. सूनबाईने ते तिच्याकडेच ठेवायला दिलं होतं.

"दर रविवारी भेट असते ना?" तिने पोलिसाला विचारलं.

"फक्त नात्यातल्यांना."

"बरं," शिंपीण म्हणाली. "मग लिहून ठेवा, बहीण. आणि या बाकीच्या दहाजणींचंही काहीतरी लिहा, त्याही येणार आहेत."

पोलिसाने कपाळाला हात लावला. मागच्या बायका हसल्या, आणि गाडी सुरू झाली तेव्हा मिस्त्रीही हसत होते.